झाकणवालीचे वडे

एका गावात ढग अंगणापर्यंत यायचे, दगडाला पाय पुसायचे आणि ओसरीवर टेकून बसायचे. ते गाव होतं उंच डोंगराच्या उशाशी. तिथली माणसं सकाळी दार उघडलं की आधी हाताने धुकं बाजूला सारायची, जसा आपण पडदा सारतो, आणि मग चूळ भरायला बाहेर पडायची.

त्या गावात एक आई राहत होती. तिला एक लहानशी लेक होती, तिचं नाव ठकू.

धुकं कुठेही शिरतं म्हणून त्या गावाची रीतच होती की जे असेल ते झाकायचं. दुधावर झाकण, पिठावर झाकण, निखाऱ्यावर राख, ढोलावर घोंगडी. कोंबडासुद्धा टोपलीखाली. कारण धुकं घशात गेलं की त्याचं आरवणं कापसासारखं मऊ निघायचं आणि मग गावाला जागच यायची नाही. 'झाकलं ते वाचलं' असं तिथल्या बायका उठता बसता म्हणायच्या.

सगळ्या गावात ही आई झाकण्यात पुढे. तिच्या घरी भाकरी टोपलीत, टोपलीवर फडकं, फडक्यावर ताट आणि ताट हलू नये म्हणून वर पाण्याचा तांब्या. ठकूच्या डोक्याला टापर, टापरावर शेला, शेल्यावर घोंगडीची खोळ. ठकू अंगणात निघाली की एखादं गाठोडंच पाय फुटून चालल्यासारखं दिसायचं.

शेजारची बयजाकाकू कंबरेवर हात ठेवून हसायची. "अगं झाकणवाले, तुझ्या देव्हाऱ्यातले देव घामेजले असतील गं!"

आईला हसू यायचं नाही. "काकू, ते कुठून येईल सांगता येतं का? आपण डोळे मिटले की तेवढ्यात येतं."

झोपेतसुद्धा तिला वाटायचं, कुठेतरी काहीतरी उघडं राहिलं. ती उठायची, अंधारात चाचपायची, ठकूच्या पायांवर पांघरूण ओढायची. मग पुन्हा आडवी व्हायची आणि तिला पुन्हा वाटायचं. आईचा जीव तो, त्याला कोण काय करणार.

धान्य कणगीत भरून झालं की त्या गावात कणगीचा सण असायचा. त्या दिवशी घरोघरी डाळीचे वडे तळायचे. कढीपत्ता, मिरची, भरडलेली हरभऱ्याची डाळ. एवढा वास सुटायचा की ढगसुद्धा पिवळसर दिसायचे म्हणतात.

आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणा यायचा.

पाहुणा म्हणजे खुद्द धुकं. रोज सकाळी येऊन जातात ती त्याची पोरंबाळं. हा त्यांचा बाप. गावात त्याला पांढरा पाहुणा म्हणत. तो यायचा आणि वेशीवरच्या उंबराखाली, चौथऱ्यावर बसायचा. तो बसला की सगळं मऊ होऊन जायचं. गवत मऊ, वाट मऊ, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा पाण्यात वाजल्यासारख्या. कुणी हाक मारली तर ती हाक अर्ध्या वाटेत बसकण मारायची.

त्याचं त्यालाच वाईट वाटायचं हो. ज्याला हात लावावा ते मऊ पडतं, मग खुसखुशीत असं त्याच्या वाट्याला यायचं कुठून? म्हणून वर्षातून एकदा त्याला एकच गोष्ट ऐकायची असायची. कुर्रम!

पण त्यातही त्याची अट होती. ताजा वडा त्याला चालायचा नाही. तो म्हणायचा, "ताज्या वड्याचं कौतुक चुलीला. कालचा वडा आज कुरकुरला, तर कौतुक त्या घराला." शिवाय सणाच्या दुसऱ्या दिवशी त्या गावात कढई पालथी घालायची. तिने काल दिवसभर अंग पोळून घेतलेलं असतं, आज तिला निजू द्यायचं. तेलाचा थेंब चुलीवर चढवायचा नाही. तवा चालतो, टोप चालतो, तळण नाही.

दरवर्षी एका घराची पाळी. त्या घराने काल उरलेले वडे पाहुण्याला नेऊन द्यायचे. वडा कुर्रम वाजला की पाहुणा हसायचा, हलका व्हायचा आणि डोंगरावरून उडून जायचा. नाही वाजला, तर तो तिथेच अंग टाकायचा आणि झोपायचा. एकदा का झोपला, की मग शिमग्याच्या बोंबा ऐकूनच त्याला जाग यायची.

त्या वर्षी पाळी आली झाकणवालीच्या घरावर.

एरवी तिला एवढी भीती वाटली नसती. पण त्या वर्षी ठकूचे बाबा आणि गावातले बापे शेळ्या घेऊन पलीकडच्या पठारावर गेले होते. परत यायची वाट कड्यावरून. इतकी अरुंद की तिथे शेळीसुद्धा विचार करून पाय टाकायची. जाताना ठकूचे बाबा म्हणाले होते, "सणापुरत्या भाकरी बांधल्यात. दुसऱ्या दिवशी धुकं उठलं की आलोच म्हणून समज."

आणि धुकं नाही उठलं तर? तिकडे भाकरी नाही, इकडे वाट दिसत नाही. उपाशी माणूस किती दिवस थांबेल? कधीतरी तो धुक्यातच पाय टाकेल. आईने तो विचार मनात आला तसा लगेच झाकून टाकला. पण विचार काही झाकणाखाली राहत नाहीत, ते उतू जातात.

ऐकणाऱ्या लेकरांनी इथे घाबरू नये. गोष्टीत अजून बराच दिवस बाकी आहे.

तर सणाच्या दिवशी आईने वडे तळले. कढईतून काढले की झाऱ्यावरून थेट टोपात, आणि टोपावर झाकण. वडा आत, झाकण वर. एकही वडा क्षणभरसुद्धा उघडा राहिला नाही. सगळ्यांना वाटून जे उरले ते तिने टोपातच ठेवले, झाकणावर फडकं बांधलं आणि फडक्याला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी पाहुणा आला. ढोल वाजवून सांगायची गरज नव्हती. सकाळी उंबर होता, दुपारी उंबर नव्हता. उंबराच्या जागी सगळं पांढरं.

आईने टोप चुलीवर ठेवला, झाकणासकट. चांगला गरम केला. मग त्यातले थोडे वडे परडीत काढले, त्यावर केळीचं पान घातलं, पानावर फडकं आणि फडक्यावर आपला हात.

बयजाकाकू दारात उभी होती. "अगं, पाहुण्याला घरातल्या सगळ्यात लहान हातांनी द्यायचं असतं. परडी ठकूकडे दे."

"ती एकटी कशी जाईल, काकू? स्वतःचं नाक दिसत नाही बाहेर."

"गेल्या वर्षी आमची नात गेली होती. ठकूपेक्षा चार बोटं बुटकीच ती."

"तुमच्या घरची गोष्ट वेगळी," आई म्हणाली. "काकू, गेल्या वर्षी तुमचा वडा वाजला होता ना? काय केलं होतंत?"

काकूने डोकं खाजवलं. "नशीब गं, दुसरं काय. मी तव्यावर टाकले आणि दारात बसले तुझ्या जावेशी बोलत. पुढचं मला आठवतही नाही."

आईला वाटलं, काकू सांगत नाही. घराचं कौतुक असतं ना, कोण कशाला सांगेल. तिने ठकूला कडेवर घेतलं, दोघींवर मिळून एक घोंगडी घेतली आणि त्या घोंगडीच्या आत परडी धरून ती वेशीकडे निघाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, एक तंबू चालला आहे.

"आलीस का गं बाई," पाहुणा म्हणाला. त्याचा आवाज गोधडीच्या खालून यावा तसा होता. "काय आणलंस?"

"वडे आणलेत, पाहुणे. कालचे. फार जपून ठेवलेत."

"दिसत तर नाहीत."

"झाकलेत ना."

घोंगडी बाजूला झाली, हात बाजूला झाला, फडकं, मग पान. पाहुण्याने एक वडा उचलला. गावातल्या सगळ्या बायका आपापल्या दारात कान देऊन उभ्या होत्या. पाहुण्याने वडा तोंडात टाकला.

"मच."

बस, एवढाच आवाज. ओल्या मातीत पाय पडल्यासारखा.

पाहुणा रागावला नाही. रागवायलाही अंगात जरा कडकपणा लागतो, तो त्याच्याकडे कुठला? तो नुसता उदास झाला आणि त्याच्या उदासपणाने वेशीजवळची छपरंही पुसली गेली.

"मऊ आहे," तो म्हणाला. "अगदी माझ्यासारखा. बाई, हा तर माझ्याच घरी शिजल्यासारखा लागतोय. मला माझ्याच घरचं काय वाढतेस?"

"पाहुणे, एकदा थांबा. मी दुसरे आणते."

"दिवेलागणीपर्यंत बसतो. पुढे मला झोप आवरत नाही, तुला माहीत आहे."

घोंगडीच्या आतून ठकू म्हणाली, "आई, बाबा यातून कसे येतील गं?"

"गप राहा. तोंड झाक. धुकं जाईल घशात."

घरी आल्यावर आईने टोपात बघितलं. मूठभर वडे उरले होते. तिने विचार केला, आपण कमी तापवले असतील. किंवा वाटेत धुकं शिरलं. घोंगडीला कुठे भोक असेल. तिने घोंगडी उजेडाकडे धरून भोक शोधलं, सापडलं नाही, तरी एका जागी ठिगळ लावलं.

मग तिने चुलीत लाकडं सारली. जाळ असा केला की भिंतीवरच्या सावल्या उड्या मारायला लागल्या. तवा लालबुंद. त्यावर त्यातले बरेचसे वडे टाकले, एकाला एक चिकटून, आणि वरून परात उपडी घातली. वाफ जाऊ नये म्हणून परातीच्या कडेला ओलं फडकंही गुंडाळलं.

थोड्या वेळात वास आला. काकू नाक धरून आत आली. "काय गं, वडे भाजतेस की वीट?"

परात उचलली तर वडे खालून कोळसा आणि वरून लगदा. तव्याला लागलेले सगळे तव्यालाच राहिले. ते काही पाहुण्याला देण्याजोगे नव्हते. काकूने एक तुकडा तोंडात टाकला आणि लगेच बाहेर काढला.

"कुत्र्याला घाल. नाही, नको घालूस, बिचारा मुका आहे."

आई हसली नाही. काकूलाही मग हसू आलं नाही. दोघी चुलीसमोर बसून राहिल्या. टोपाच्या तळाशी वडे उरले होते ते आता मोजायलाही नको इतके थोडे होते. दाराच्या फटीतून धुकं आत डोकावत होतं, लांब मान करून, मांजरासारखं. दूर कुठेतरी एक घंटा वाजली. पाण्यात बुडाल्यासारखी, एकदाच. ती आपल्या शेळीची होती की नुसतं मनाने ऐकलं, ते आईला कळलं नाही. घंटा पुन्हा वाजली नाही.

"ते निघाले असतील का हो काकू? धुक्यातच?"

"नाही गं. थांबले असतील. शहाणे आहेत बापे." पण काकूने बोलताना दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात ठकू कुरकुरली. "आई, मला कसंतरी होतंय."

आईचा जीव टांगणीला लागला. शिरलं! धुकं शेवटी पोरीच्या अंगात शिरलं! तिने घोंगडीची खोळ काढली, शेला सोडला, टापराची गाठ ओढली. ठकूचं कपाळ ओलं. केस ओले. मानेवर थेंब. पाठ तर पाण्यातून काढल्यासारखी.

"बघा काकू, बघा, एवढं झाकूनसुद्धा शिरलं!"

काकूने ठकूच्या कपाळावरून बोट फिरवलं, ते चाटून बघितलं आणि म्हणाली, "खारट आहे. धुकं कधी खारट असतं का? घाम आहे हा, वेडे. पोरगी शिजली आत."

ठकूच्या उघड्या मानेवरून अगदी हलकी, दिसेल न दिसेल अशी वाफ वर जात होती. पोरगी मोठा श्वास घेत होती. बाहेरून काही आलंच नव्हतं. पोरीची आपली ऊब होती, तिला जायला जागा मिळाली नाही म्हणून तिचं पाणी झालं होतं.

आईची नजर चुलीपाशी गेली. तिथे टोपाचं झाकण पडलं होतं, उताणं. तिने ते हातात घेतलं. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब होते. बारीक बारीक, एकमेकांजवळ सरकणारे, जसे सकाळी गवतावर असतात.

"काकू," ती हळू आवाजात म्हणाली, "हे बघा."

"काय बघू? झाकण आहे."

"आत बघा. याच्या आत धुकं आहे."

ती काही वेळ त्या थेंबांकडे बघत राहिली. काल कढईतून काढलेला गरम वडा. त्याच्या पोटात वाफ. ती वाफ बाहेर पडते, वर जाते, झाकणाला लागते, थेंब होतो आणि परत वड्यावर पडतो. रात्रभर टोपात आपलाच पाऊस पडत होता. 'माझ्याच घरी शिजल्यासारखा लागतोय,' असं पाहुणा म्हणाला होता. खरंच होतं ते. तिने बाहेरच्या धुक्याला दार लावलं आणि प्रत्येक भांड्यात एकेक छोटं धुकं स्वतःच पाळलं.

ती उठली. दिवेलागणीला फार वेळ नव्हता.

तिने चुलीतली लाकडं बाहेर ओढली, जाळ बसवला आणि नुसते निखारे राहू दिले. तवा घासून कोरडा केला आणि निखाऱ्यांवर ठेवला. तेल नाही, पाणी नाही. तवा मंद तापला तेव्हा तिने उरलेले वडे एकेक करून मांडले, असे की कुणाला कुणाचा धक्का लागणार नाही. पंगतीत शहाणी माणसं बसतात तसे ऐसपैस.

आणि मग तिचा हात आपोआप परातीकडे गेला.

"झाकतेस ना?" काकू म्हणाली. "दार उघडं आहे बघ, आत येतंय ते."

खरंच धुकं आत आलं होतं. उंबऱ्यावरून घरंगळत, जमिनीवरून सरकत ते चुलीपर्यंत आलं आणि तव्याकडे वाकून बघायला लागलं. शेजारणी दारात जमल्या होत्या. "झाक गं झाक! अगं वडे उघडे आहेत! झाकणवाले, आजच काय झालं तुला?"

आईने परात उचलली. परात जड होती आणि ओळखीची होती. हातांना ती हवीहवीशी वाटली. तिने ती भिंतीला टेकवून ठेवली, आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एका हाताने दुसरा घट्ट धरला. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिने केलेल्या कामांत हेच सगळ्यात अवघड होतं.

तव्यावर वडे सुस्कारे टाकायला लागले. सुस्स, सुस्स. रात्रभर कोंडलेली वाफ बारीक धाग्यासारखी वर निघाली. धुकं पुढे झालं, त्या वाफेला भेटलं. पण वाफ बाहेर येत असताना धुक्याला वड्यात शिरायला वाटच नव्हती. अरुंद दारातून माणसं बाहेर पडत असताना आत कोण जाईल? वाफ आणि धुकं दोघं ओळखीच्या माणसांसारखी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दारातून बाहेर गेली.

आईने वडे उलटले. पुन्हा वाट बघितली. घाई केली नाही. हळूहळू वड्यांच्या अंगावर त्यांचंच कालचं तेल चमकायला लागलं, कडा तांबूस झाल्या आणि सुस्कारे कमी कमी होत गेले. शेवटचा सुस्कारा थांबला तेव्हा तिने तवा उतरवला.

ताटात ठेवले असते तर ते खालून पुन्हा घामेजले असते. हे तिला कुणी सांगितलं नाही, ठकूची भिजलेली पाठ तिच्या डोळ्यांपुढे होती. तिने बांबूची विरळ विणीची परडी घेतली, तिच्यात वडे कडेवर उभे केले, एकमेकांपासून लांब. खालूनही वारा, वरूनही वारा.

"चल, घे," तिने ठकूला म्हटलं. "पाहुण्याला देऊन ये."

"मी? एकटी?"

"तू."

"टापर?"

आईने टापराकडे बघितलं. तो अजून ओला होता. "राहू दे. एक शेला खांद्यावर घे, गार वाटलं तर गुंडाळ. तुला कळेल."

"आणि वडे झाकून नेऊ?"

"उघडेच ने."

काकूने तोंडावर पदर धरला. ठकूने परडी दोन्ही हातांत घेतली आणि उंबरा ओलांडला. आधी तिचे पाय दिसेनासे झाले, मग परकर, मग वेणी. पांढऱ्यामध्ये एक लहानसा उबदार ठिपका चालत गेला आणि तोही विरघळला. आई उंबऱ्यावर उभी होती. एक पाय आत, एक पाय बाहेर. दोन्ही हात अजून पाठीमागे.

धुक्यात ठकूला काही दिसत नव्हतं. पण तिचे कान आज मोकळे होते. टापराशिवाय ती पहिल्यांदाच गावात निघाली होती. उंबराची पिकलेली फळं टप टप पडत होती त्या बाजूला ती चालत गेली, आणि पोचली.

"कोण गं?" पाहुणा जांभई देत म्हणाला. त्याच्या पापण्या डोंगराएवढ्या जड झाल्या होत्या.

"मी ठकू. झाकणवालीची."

"अरे वा. मघाशी तू होतीस का त्या तंबूत? मला वाटलं, उशी आणली आहे."

"उशी नाही, मीच होते," ठकू म्हणाली. "पाहुणेबाबा, लवकर खा. ऊन आहेत तोवर. मग तुम्ही जाल आणि माझे बाबा येतील."

"एवढी घाई? मी जावं असं सगळ्यांनाच वाटतं."

ठकूला त्याची दया आली. तिने थोडा विचार केला. "पुढच्या वर्षी या ना पुन्हा. मी देईन वडा."

पाहुण्याने परडीत हात घातला. वडा उचलला. वडा हलका होता, रित्या घरट्यासारखा. त्याने तो दातांखाली धरला.

कुर्रम!

काय तो आवाज! उंबराच्या फांद्यांवरून तो घसरला, छपरांवरून उड्या मारत गेला, दरीत उतरला, पलीकडच्या पठाराला धडकून परत आला. कुर्रम, कुर्रम, कुर्रम! धुक्याला पापडासारखा तडा गेला. एका तड्यातून आभाळ दिसलं, दुसऱ्यातून डोंगर, तिसऱ्यातून बयजाकाकूचं उघडं राहिलेलं तोंड.

पाहुणा हसायला लागला. पोट धरून हसायला लागला, आणि जसजसा हसला तसतसा हलका झाला. त्याने उरलेले वडे पुरचुंडीत बांधावेत तसे आपल्या पांढऱ्या पदरात घेतले, एक मात्र ठकूच्या हातावर ठेवला आणि तो उठला. सावरीच्या बोंडातून कापूस उडावा तसा तो उंबरावरून, डोंगरावरून, उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यातून उडून गेला. लांबून त्याचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं. कुर्र, कुर्र, कुर्र.

आणि मग घंटा वाजल्या. पाण्यातल्या नाही, चांगल्या खणखणीत. कड्याच्या वाटेवर शेळ्यांची रांग दिसली, तिच्यामागे बापे, आणि सगळ्यात मागे ठकूचे बाबा. कड्याच्या ऐन तोंडाशी ते सगळे दगडाला पाठ लावून बसून राहिले होते, पुढे पाऊल टाकावं की नाही म्हणून. तेवढ्यात तो आवाज आला आणि पायाखालची वाट दिसली.

ठकू धावत सुटली. उघडं डोकं, उडणारी वेणी, हातात तो वडा.

"अगं पडशील! वारा लागेल! शेला..." आईच्या तोंडून निघालंच. हातही पुढे झाला. मग तिने तो हात मागे घेतला, पदर कंबरेला खोचला आणि ती स्वतःच धावायला लागली.

बाबांनी ठकूला उचललं. तिचं कपाळ कोरडं होतं, गाल गार होते. तिने वडा त्यांच्या तोंडाशी धरला. "खा बाबा. कालचा आहे."

बाबांनी खाल्ला. कुर्रम!

"कालचा?" ते आईकडे बघून म्हणाले. "आपल्या घरचा?"

"आपल्याच घरचा हो!" मागून बयजाकाकू धापा टाकत आली. "आणि मला आत्ता आठवलं बघा. गेल्या वर्षी मीही झाकले नव्हते! अगं, तुझ्या जावेशी बोलता बोलता झाकायचंच विसरले होते. आणि मी मेली वर्षभर नशिबाला हात जोडत बसले."

सगळे हसले. आई सगळ्यात जास्त हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तेव्हापासून त्या गावात तळणीचा घाणा उतरला की वडे आधी उघड्या परडीत ठेवतात. घाई करणाऱ्याला म्हाताऱ्या सांगतात, "थांब, वाफ जाऊ दे." दुसऱ्या दिवशी कोरडा तवा, मंद निखारे, आणि वड्यांना ऐसपैस जागा. झाकणं अजून आहेत घरोघरी. दुधाला लागतात, पिठाला लागतात. कोंबड्याला मात्र आता टोपलीखाली ठेवत नाहीत, आणि तो पहाटे इतका खणखणीत आरवतो की पाहुण्याची पोरंबाळंही दचकून उठतात.

झाकणवालीला अजूनही कधीकधी झोपेत वाटतं, काहीतरी उघडं राहिलं आहे. मग ती उठते, ठकूच्या अंथरुणाशी जाते. पोरीचे पाय पांघरुणाबाहेर असतात. आई वाकते, पायाला एक बोट लावून बघते. उबदार असतात. ती हात पाठीमागे घेते आणि परत येऊन झोपते.

तात्पर्य: ज्याची वाफ आपण कोंडतो, त्याला भिजवायला बाहेरचं धुकं लागत नाही. वडा असो की लेकरू, आधी त्याला मोकळा श्वास घेऊ द्यावा. झाकण काही कुठे पळून जात नाही.